भेज दो

दिल्लीत घर असलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे भेटायला येतात. गाझियाबादेत घर असलेल्याकडे ते राहायला येतात, कारण तेवढ्याच पैशांत इथे एक खोली जास्त मिळालेली असते आणि ती बातमी सांगली-साताऱ्यापर्यंत पोचलेली असते. आमच्या इंदिरापुरमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहणारे काका या जातीचे मुकुटमणी.

काका निवृत्त विषाणुशास्त्रज्ञ. उभी हयात हिपॅटायटिस सीच्या मागे गेली. सोसायटी त्यांना ‘लिवरवाले अंकल’ म्हणते आणि लिफ्टमध्ये गाठून एसजीपीटीचे रिपोर्ट पुढे करते. “मी माणसांचा डॉक्टर नाही, पेशींचा आहे,” असं ते ठणकावून सांगतात, मग चष्मा लावतात आणि रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

काकांचा एकच सिद्धांत आहे. “विषाणूला कसली नावं ठेवता? त्याची स्वतःची प्रथिनं दहा. बाकीचा सगळा संसार तो यजमान पेशीच्या भांड्याकुंड्यांवर थाटतो. पेशीत काय आहे ते बघा!” हा सिद्धांत ते कुठेही लावतात. पार्किंगमधून स्कूटर चोरीला गेली, तेव्हा मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, “चोर की बात छोड़िए. हममें ऐसा क्या है, कि वो यहीं आया?” सेक्रेटरी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये हिपॅटायटिस सीच्या संशोधनासाठी आल्टर, हौटन आणि राइस यांना नोबेल जाहीर झालं. काकांनी मास्क लावून मजल्यामजल्यावर पेढे वाटले. लोकांना वाटलं, मुलीचं जमलं. चौथ्या मजल्यावरून तर मुलाकडचे कुठले, अशीही चौकशी झाली. “न्यूयॉर्कचे,” काका म्हणाले. त्यांच्या डोक्यात राइस यांची प्रयोगशाळा होती.

पण खरे काका बघायचे ते गेटवरून फोन येतो तेव्हा. “साहब, गेस्ट आए हैं. भेज दूँ?” कोण, कुठले, किती दिवस, काही न विचारता काका म्हणतात, “भेज दो.” वैष्णोदेवीला निघालेले येतात, एम्समध्ये दाखवायला आलेले येतात. पुण्याच्या एनसीएलमध्ये पीएचडी करणारी कुणाची तरी भाची कमला नेहरू नगरातल्या एसीएसआयआरच्या कार्यालयात कागद द्यायला येते; काम अर्ध्या तासाचं, मुक्काम आठवड्याचा. मावसभावाच्या मेहुण्याचा मुलगा यूपीएससीच्या प्रिलिमसाठी आला होता. त्याचा दुसरा अटेम्प्ट चालू आहे.

एकदा काकूंचा संयम सुटला, तेव्हा काकांनी पोळी लाटणाऱ्या काकूंना शास्त्र समजावलं. “अगं, पेशीत शिरायला या विषाणूला चार प्रथिनं लागतात. सीडी८१ हे १९९८ साली सापडलं, चौथं ऑक्लुडिन २००९ साली. उंदराची सीडी८१ आणि ऑक्लुडिन त्याला चालत नाहीत, म्हणून उंदराच्या दारातूनच तो परत जातो.”

“उंदीर शहाणा,” काकू म्हणाल्या.

काकांनी मग हुह्-७ची कथा लावली. एका जपानी रुग्णाच्या यकृतातल्या गाठीपासून १९८२ साली वाढवलेल्या या पेशी. पुढे राइस यांच्या प्रयोगशाळेत अशाच काही पेशींमध्ये विषाणूचा आरएनए वाढवला आणि इंटरफेरॉन देऊन पार घालवला. त्यातून निघालेली हुह्-७.५ पेशी विषाणूचं पहिल्यापेक्षा जास्त अगत्य करू लागली! कारण तिच्यातलं रिग-आय, म्हणजे परक्या आरएनएची वर्दी देणारं प्रथिन, बिघडलेलं होतं.

काकूंनी लाटणं थांबवलं. “म्हणजे एक पाहुणा गेला की दुसऱ्यासाठी आणखी हुरळायचं, आणि वर्दी देणारं आतून बंद. यासाठी जपानची पेशी कशाला हवी?”

मे महिन्यात काकू भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेल्या. काकांनी स्वयंपाक हाती घेतला. पहिल्या दिवशी खिचडी झाली, दुसऱ्या दिवशी तीच खिचडी. तिसऱ्या दिवशी सकाळी यूपीएससीवाल्याला अचानक राजेंद्र नगरमधली अभ्यासिका फार उपयुक्त वाटू लागली. वैष्णोदेवीवाल्यांना देवीचं बोलावणं दोन दिवस आधीच आलं. घर रिकामं झालं.

काकांनी तडक कोल्हापूरला फोन लावला. “सापडलं! अगं, तू मिर-१२२ आहेस!”

लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने केलेलं हे पहिलंच कौतुक. काकूंनी जरा सावधपणे अर्थ विचारला. काका भरभरून बोलत सुटले: यकृताच्या पेशीत मिर-१२२ नावाचा आरएनएचा इवलासा तुकडा मुबलक असतो, विषाणूचा आरएनए त्याच्याच आधाराने टिकतो, आणि तो तुकडा अडवला की विषाणू ओसरतो, हे २००५ साली प्रयोगशाळेत दिसलं. “मी इतकी वर्षं गेटवरच अडकलो होतो. ते सगळे तुझ्या थालीपिठावर जगत होते!”

“मग आता तरी पटलं?”

“छे, एका प्रयोगाने काय पटतं? असला प्रयोग निदान तीनदा व्हायला हवा.”

“होऊ दे की,” काकू म्हणाल्या. “दिवाळीला एकदा येते, संक्रांतीला एकदा. शास्त्रासाठी तेवढं करायलाच हवं.”