घटकवाचक

छत्रपती संभाजीनगरच्या सामाजिक जीवनात गेल्या काही वर्षांत जो एक नवा विद्वानवर्ग उदयास आला आहे, त्याला त्याच्या मुख्य व्यासंगावरून ‘घटकवाचक’ असे संबोधणे सोयीचे ठरेल. हा इसम साधारणतः अठरा ते पंचवीस या वयोगटातील असतो, बीड, जालना किंवा परभणीहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी शहरात आलेला असतो, औरंगपुऱ्याच्या आसपास एखाद्या अभ्यासिकेत त्याची ठरलेली खुर्ची असते आणि गालांवर तारुण्यपीटिका असतात. संविधानाच्या परिशिष्टांपेक्षा फेसवॉशच्या पाठीवरील बारीक अक्षरांची त्याला अधिक गोडी असून, ती अक्षरे मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचत तो औषधांच्या दुकानात इतका वेळ उभा राहतो की, मेडिकलवाले काका रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन-तीन गिऱ्हाइके आटोपून पुन्हा त्याच्याकडे वळतात. तेव्हा तो गंभीरपणे विचारतो, “काका, यात नायसिनामाइड किती टक्के आहे?” काका म्हणतात, “बाबा, एकशे नव्व्याण्णवला आहे.”

त्याच्या ज्ञानाला कमी लेखणे मात्र अन्यायाचे होईल. वयात येताना तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात, मृत पेशी रंध्राच्या तोंडाशी चिकटून तिथे बूच बसते, आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू पोसला जातो आणि त्यातून दाह होऊन पुटकुळी उठते, ही परंपरा तो वंशावळीसारखी म्हणून दाखवतो. या जिवाणूचे आडनाव पूर्वी प्रोपिओनिबॅक्टेरियम होते व ते 2016 मध्ये बदलले, हेही त्याला पाठ असते. नामांतराची सवय असलेल्या शहरात ते लक्षात ठेवणे जड जात नाही. सुश्रुतसंहितेने मुखदूषिका या नावाने, सावरीच्या काट्यांची आठवण देऊन, या विकाराची गणना क्षुद्ररोगांत केली आहे, हे मात्र त्याला कोणी सांगू नये, कारण आपल्या दुखण्याला क्षुद्र म्हटलेले तो खपवून घेणार नाही.

घटकांपैकी त्याचे पहिले प्रेम सॅलिसिलिक आम्लावर जडते. हे आम्ल तेलात विरघळत असल्यामुळे तेलाने भरलेल्या रंध्रात शिरून तिथले बूच सैल करते आणि दुकानातील सौंदर्यप्रसाधनांत ते सहसा दोन टक्क्यांपर्यंत असते. त्यानंतर बेंझॉइल पेरॉक्साइडचे पर्व सुरू होते. हा पदार्थ त्वचेत ऑक्सिजन मोकळा करून, हवेशी वैर असलेल्या त्या जिवाणूला मारतो आणि क्लिंडामायसिनसारख्या प्रतिजैविकाला जिवाणू जसा हळूहळू जुमानेनासा होतो, तसे येथे होत नाही. मात्र हा पदार्थ कापडाचा रंगही तितक्याच निष्ठेने उडवतो, आणि ही बाब घटकवाचकाला ग्रंथातून नव्हे तर घरच्या हिमरू शालीवर पडलेल्या पांढऱ्या ठिपक्यांतून कळते. येथेच त्याच्या स्वभावातील मूळ दोष उघड होतो. बारावीपासून सीईटीपर्यंत ज्याचे मोल टक्क्यांवरच ठरत आले, त्याला अडीच टक्क्यांपेक्षा दहा टक्के चौपट गुणवान वाटले तर नवल नाही. वास्तविक अडीच टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड लाल पुटकुळ्यांवर जवळपास दहा टक्क्यांइतकेच काम करते आणि आग कमी करते. परंतु कमी टक्क्यांत भागते, हे मान्य करणे त्याच्या संस्कारांत बसत नाही.

दिवाळीला तो गावी जातो, तेव्हा दोन शास्त्रे समोरासमोर येतात. आई सहाणेवर दुधात जायफळ उगाळत बसलेली असते आणि पोराच्या सोललेल्या नाकाकडे पाहून विचारते, “ते काय चोपडायलास रे तोंडाला?” तो तिला सामू म्हणजे पदार्थाच्या आम्लतेचे माप असून त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास, तर अंगाच्या साबणाचा नऊ-दहा असतो, असे समजावतो आणि जायफळाच्या लेपाचा सामू विचारतो. आई सांगते, “सामू-बिमू मला नाही माहीत, मान इकडं कर.” या वादात जायफळ काही त्वचांना झोंबते हा मुद्दा त्याच्या बाजूने आहे, पण सोललेले नाक आईच्या बाजूने साक्ष देत असते.

वेष्टनवाचनाचीही एक रीत आहे आणि ती त्याला निम्मीच अवगत असते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहावेत आणि त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतील, असा नियम असल्यामुळे यादीच्या आरंभी पाणी असते व शेपटाकडे नुसती जत्रा. फेनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल नासू न देणारे द्रव्य, सहसा एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. तेव्हा त्याच्या पुढे लिहिलेले कडुनिंब, केशर आणि कोरफड हे बहुधा नावापुरतेच हजर असतात. घटकवाचक नेमका त्या कडुनिंबापाशी थांबून प्रसन्न होतो.

ज्या दोन गोष्टी तो कधीच वाचत नाही, त्या अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे अ‍ॅडापलीनसारख्या औषधाच्या वेष्टनावरील इशारा, ज्याचा अर्थ हे प्रसाधन नसून औषध आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नये, असा होतो. अ‍ॅडापलीन हे जीवनसत्त्व अ च्या गोत्रातील द्रव्य रात्री, साऱ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे लावायचे असते, गरोदरपणात टाळायचे असते आणि पहिले काही आठवडे त्याने चेहरा अधिकच बिघडल्यासारखा दिसू शकतो. अशाच इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून अभ्यासिकेतील मित्राने दिलेले, स्टिरॉइड मिसळलेले गोरेपणाचे मलम लावले की चार दिवसांत चेहरा नितळ होतो, आणि सोडले की त्वचा लाल, पातळ व पुटकुळ्यांनी भरलेली उरते. हा प्रकार देशात इतका माजला की सरकारला 2018 मध्ये त्वचेवरील स्टिरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद करणारी अधिसूचना काढावी लागली. विनोदाला येथे जरा बाजूला बसवणे भाग आहे, कारण शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाण्याआधी असे मलम महिनोन्महिने वापरणे ही थट्टेची गोष्ट नव्हे.

दुसरी न वाचलेली गोष्ट म्हणजे मुदत. मुरुमांवरील बहुतेक उपचारांचे फळ कळायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि घटकवाचकाची निष्ठा मात्र नळाच्या दोन पाण्यांमधल्या अंतराइतकीच टिकते. जायकवाडी धरणाचे पाणी शहराच्या नळाला येईपर्यंत तो एक फेसवॉश वापरतो आणि पाणी आले की नवा उघडतो. पंचविशी ओलांडल्यावर अनेकांचे मुरूम आपोआप ओसरू लागतात. त्याचे सगळे श्रेय तो त्या आठवड्यात हाती असलेल्या नळीला देतो आणि विरळ होत चाललेल्या केसांसाठी मिनॉक्सिडिलची टक्केवारी वाचायला घेतो.