काटकसरीचा माज

काटकसरीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दुधाची पिशवी कापून, तिच्यात पाणी घालून, ते खळबळवून कणकेत ओतणारी बाई आहे मी. टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं उभी चिरल्याशिवाय माझ्या घरातून बाहेर पडत नाही. साबणाची चिपटी नव्या वडीच्या पाठीवर अशी बसवते की दुसऱ्या दिवशी सांधा शोधून सापडू नये. सिलिंडर लावला की कालनिर्णयावर तारीख, तिच्याच खाली दूधवाल्याचे खाडे. आणि वर्ष संपलं तरी ते कालनिर्णय रद्दीत जात नाही, कारण कुठल्या साली सिलिंडर किती दिवस पुरला याचा लेखी पुरावा घरात असावा लागतो. त्यामुळे आमच्या घरावर कर्जाचा डोंगर झाला तेव्हा मला काळजी वाटली ती वाटलीच, पण खोटं कशाला बोलू, थोडा हुरूपही आला. इतक्या वर्षांच्या रियाजानंतर मैफल मिळाली होती.

कर्ज कसं झालं हे सांगत बसत नाही. तुमचंही तसंच झालं असेल. फ्लॅट, मग फ्लॅटला शोभेलसं स्वयंपाकघर, मग स्वयंपाकघराला शोभेलसा फ्रिज आणि 'बिनव्याजी हप्ते' या दोन शब्दांवर आमच्या नवऱ्याची बालसुलभ श्रद्धा. त्यात त्याच्या ऑफिसात पगार लांबायला लागले आणि किराणासुद्धा क्रेडिट कार्डावर आला. तेव्हा मी सूत्रं हाती घेतली.

पहिल्याच बैठकीत नवऱ्यानं सुचवलं, "भांडीवाल्या मावशींना बंद करू." माझं डोकंच फिरलं. घरखर्च कमी करायचा म्हटला की पुरुषांची नजर पहिल्यांदा नेमकी तिथे कशी जाते? त्याच्या चारचाकीच्या विम्यावर जात नाही, डोंबिवली स्टेशनबाहेरच्या त्याच्या रोजच्या दोन सिगरेटींवर जात नाही. मावशींचा पगार वाचतो म्हणजे काय होतं? मावशी घरी बसतात आणि माझी पाठ फुकटात कामाला लागते. वहीत मात्र ती 'बचत' म्हणून जमा होते. मी म्हटलं, चालेल, भांडी तू घास. त्यानं हौसेनं सुरुवात केली. कुकरच्या तळाला लागलेली डाळ एकदा त्याच्या नखात गेली आणि मावशींना उलट पगार वाढवून द्यायला हवा, असं त्याचं मत झालं. विषय संपला.

बाकी कपात मात्र मी धडाक्यात केली. स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा बंद. एसी बंद, कारण विजेच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दराची पायरी चढते. कोथिंबिरीच्या जुड्या भाव उतरल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. या सगळ्यात मला एकच प्रतिस्पर्धी होता, आणि तो घरातच होता: सासूबाई. मी पिशवीत एकदा पाणी घातलं की त्या माझ्यामागून जाऊन दुसऱ्यांदा घालत. मी दिवा बंद करायला जावं तर त्या आधीच अंधारात बसलेल्या. "अगं, जप करायला उजेड कशाला लागतो?" असं म्हणत. मला ते टोचायचं.

एका खर्चाला मात्र आम्हा दोघींपैकी कुणाचीही कात्री लागत नव्हती. आहेर. आता आहेराचा विषय निघालाच आहे तर मला अडवू नका. सासूबाईंकडे त्यांच्या मुलाच्या लग्नातली, म्हणजे माझ्याच लग्नातली, आहेराची वही आहे. लाल पुठ्ठ्याची. मांडवात वाजंत्र्यांच्या कानठळ्यांत टेबल टाकून कुणीतरी मामा ती लिहीत बसले होते, त्यामुळे निम्मी नावं ऐकू येतील तशी पडलीत. 'कुलकर्णी (चश्मा)' असे एक गृहस्थ आहेत. 'रोख ५१', 'रोख १०१', 'स्टील डबा नग १', 'भिंतीवरचे घड्याळ' (अशी घड्याळं अकरा आली होती, आमच्या संसाराला वेळेचं भान नाही असं म्हणायची सोय नाही), 'लेमन सेट', आणि त्या लेमन सेटपुढे सासूबाईंच्या अक्षरात एक छोटीशी फुली. फुलीचा अर्थ त्यांनी मला कधी सांगितला नव्हता.

ही वही म्हणजे साधा हिशेब नव्हे, तो घराण्याचा दस्तऐवज आहे. कुणाकडचीही पत्रिका आली की आधी वही उघडायची. त्यांनी ५१ दिले होते. आता त्यांच्या मुलाला किती द्यायचे? ५१ देता येत नाहीत, ५०१ दिले तर "वाढवून दिले बघा" असं कुणी म्हणत नाही, १००१ दिले तर आमचं बजेट कोसळतं. महागाईचा दर लावून मी एकदा रीतसर हिशेब मांडला होता. सासूबाई म्हणाल्या, "महागाई जाऊ दे, त्या लग्नात आपली माणसं किती जेवली होती ते मोज." ताटाचा दर हे आहेराचं खरं परिमाण आहे आणि ते कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही. शिवाय शून्यावर थांबायचं नाही, म्हणून तो चिकटवलेल्या एक रुपयाच्या नाण्याचा लिफाफा. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असलं की घोटाळा आणखी वाढतो, कारण तो निषेध डब्यांना आणि घड्याळांना आहे की रोख रकमेलाही, हे कुणाला विचारता येत नाही.

आणि ब्लाउजपीस! ओटीतला ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. तो फक्त फिरतो. एकदा आमच्याकडून गेलेला एक जांभळा पीस ठाणे, कल्याण, बदलापूर करून परत आमच्याच घरी आला. कोपऱ्यावरच्या कुंकवाच्या डागावरून मी त्याला ओळखला. खळ अजून तशीच कडक होती. सासूबाईंनी त्याला कपाळी लावलं आणि तो पुढच्या प्रवासाच्या गठ्ठ्यात ठेवला. रोख्यांच्या बाजारात इतक्या हातांतून जाऊन किंमत न घसरलेला कागद असेल का, मला शंका आहे. असो.

कपातीचा माझा अहवाल मी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जेवणानंतर वाचून दाखवत असे. बचत साधारण दोन हजारांपर्यंत खेचली होती. टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण कुणी वाजवल्या असत्या तर मी थांबवलंही नसतं. आमचा मुलगा बी.कॉम.ला आहे. त्याने एकदा ताटावरून उठता उठता विचारलं, "आई, कार्डाचं व्याज किती जातं ग?"

मी म्हटलं, साडेतीन टक्के.

"महिन्याला," तो म्हणाला. "वर्षाचे बेचाळीस. एक लाख थकले तर महिन्याचं व्याज ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३०. तू ५,००० भरलेस तर मुद्दल कमी होतं ८७० रुपयांनी. आणि आपले लाखाच्या वर थकलेत."

म्हणजे माझी कोथिंबीर, माझी पायपीट, माझा अंधार हे सगळं मिळून एका लाखाच्या व्याजालाही पुरत नव्हतं. पोरगं तिथेच थांबलं नाही. त्यानं गृहकर्जाचाही कागद काढला: ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २६,०३५ आणि पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसत्या व्याजात. सासूबाई हात वाळवत ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या गावचा सावकारसुद्धा दामदुप्पटीवर थांबायचा." ते काही त्या सावकाराच्या मनाचं मोठेपण नव्हतं. व्याज मुद्दलाएवढं झालं की त्याहून जास्त मागता येत नाही, हा हिंदू कायद्यातला जुना नियम होता आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत. कार्डाच्या कंपनीला हे कोण सांगणार?

"माझी एफडी मोडा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हे आधीही सुचवलं होतं. त्यांची दोन लाखांची ठेव बँकेत साडेसात टक्क्यांनी बसली होती, इकडे आम्ही बेचाळीस टक्के भरत होतो. हा हिशेब दुसरीतल्या पोराला सुटला असता. मला सुटत नव्हता, कारण सासूच्या पैशानं कर्ज फेडलं हे माझ्या माहेरी कळलं असतं. शिवाय ती ठेव त्यांनी "माझ्यामागे कुणाला तोशीस नको" म्हणून केलेली. मी ठणकावलं, "आई, तुमच्या पैशाला हात लागणार नाही. मी समर्थ आहे."

पुढच्याच महिन्यात औषधांचा रकाना निम्म्यावर आला. मी तो आकडा दोनदा वाचला. सासूबाई पदराआड हसल्या, आणि मला, लिहायला लाज वाटते, हेवा वाटला. यांनी हे कसं साधलं?

भाजीबाजारात त्यांना चक्कर आली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, १८० आणि १०० असा आकडा सांगितला आणि विचारलं, "आजी, गोळी रोज घेता ना?" त्या म्हणाल्या, "रोज घेते." खोटं नव्हतं. रोजच घेत होत्या, अर्धी. घरी आल्यावर त्यांच्या उशाशी सुपारीचा अडकित्ता आणि चुन्याची रिकामी डबी सापडली. डबीत रक्तदाबाच्या गोळ्यांच्या अर्ध्या फाका एकीवर एक लावून ठेवलेल्या. सुपारीचा हात बसलेला, त्यामुळे प्रत्येक तुकडा अगदी मधोमध.

मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत कधी ओरडले नव्हते. जीव गेला असता तर काय त्या दोनशे रुपयांचं लोणचं घातलं असतं का, असं काहीबाही बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू दुधात पाणी घालतेस ते चालतं?"

ह्यावर आजतागायत मला उत्तर सुचलेलं नाही. मी फक्त अडकित्ता उचलून माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी जन औषधी केंद्रातून तीच गोळी आणली, निम्म्याहून कमी किमतीत. तर सासूबाई म्हणे, इतकी स्वस्त गोळी, हिला गुण कुठला? आता ती गोळी मी जुन्या कंपनीच्या खोक्यात घालून देते. रक्तदाब उतरलाय.

एफडी मोडली. बँकेतला पोरगा म्हणाला, "आजी, मुदतीआधी मोडलीत तर एक टक्का जाईल." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, तो मी हिच्याकडून घेईन." आम्हाला वाटलं विनोद करताहेत. कार्डाचं देणं एका फटक्यात मिटलं, कार्ड बंद केलं. दर वर्षी गृहकर्जाचा एक हप्ता जास्तीचा भरायचा ठरलं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला आधी भरण्याचा दंड लागत नाही आणि पोरगा म्हणतो, तेवढ्यानं तीनेक वर्षं तरी वाचतात. मग घरी आल्यावर सासूबाईंनी आहेराची वही मागच्या बाजूनं उघडली, माझं नाव घातलं, रक्कम घातली, पुढे 'व्याज साडेसात टक्के अधिक दंड' लिहिलं आणि मला सही करायला लावली.

बँक निदान रात्री झोपू देते. इथे धनको शेजारच्या खोलीत आहे आणि पहाटे पाचला उठतो. पाच तारखेला चहाच्या आधी हप्ता लागतो. उशीर झाला की "राहू दे, तुझ्या सोयीनं दे" म्हणतात आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणतात की शेजारच्या फ्लॅटमध्येही माझी पत घसरावी. मी नवी पर्स घेतली तर त्या पर्सकडे नुसतं बघतात. कार्डाच्या वसुलीवाल्यांनी यांच्याकडे उमेदवारी करावी.

मागच्या महिन्यात लग्नाची एक पत्रिका आली, हप्त्याच्याच आठवड्यात. मी म्हटलं, "आई, या वेळी हप्ता दहा तारखेला दिला तर? आहेर काढायचाय." त्यांनी चष्मा लावला, वही पुढच्या बाजूनं उघडली आणि बोट खाली नेत नेत फुलीवर थांबवलं.

"ही तीच मंडळी. यांचा लेमन सेट माळ्यावर आहे, तोच दे."

"अहो आई, काढून बघितलाय मी. पाचच ग्लास आहेत त्यात."

"आला तेव्हाही पाचच होते," त्या म्हणाल्या. "हप्ता पाच तारखेलाच."