पुढं सरका, दाखला येतोय

मराठवाड्यातल्या कुठल्याही चर्चमध्ये जा, असा एक गृहस्थ सापडतोच. उपासना संपते, पाळकसाहेब आशीर्वाद देतात, लोक दारात चपला शोधायला लागतात आणि हा तिथंच आडवा उभा राहून म्हणतो, "आता या चपलांचंच घ्या." पुढची वीस मिनिटं जेवण निवतं. आमच्याकडे हे काम माझे मामा करतात.

येशूनं दाखले दिले ते पेरणाऱ्याचे, मेंढपाळाचे, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचे. मामांच्या मते त्यात एकच उणीव राहिली. गालीलात एसटी नव्हती.

मामांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, तीही बहुतेक नांदेड-लातूर मार्गावर. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर ही गावं त्यांना शुभवर्तमानातल्या कफर्णहूम-बेथानीइतकीच पवित्र. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, एवढ्यावर त्यांनी संडे स्कूलच्या पोरांपुढं तासभर साक्ष दिलेली मी ऐकली आहे. पंचाची टिकटिक म्हणजे पापक्षमा, कारण एकदा भोक पडलेलं तिकीट पुन्हा विकता येत नाही. यातला तर्क मला आजवर कळलेला नाही, पण पोरं माना डोलवायची. डबल बेल झाली की ती सुटणार होती.

विनातिकीट प्रवाशाला मामा शिव्या देत नसत. त्याच्या शेजारी उभे राहून ते दहा कुमारींची गोष्ट सुरू करायचे. पाच शहाण्या, पाच मूर्ख, मूर्खांच्या दिव्यात तेल नाही आणि वर मध्यरात्री येतो. "तसंच आपलं चेकिंग. चाकूरला येईल का घरणीला, कुणाला ठाव?" मूर्ख कुमारींपर्यंत जायच्या आत तो माणूस खिशात हात घालायचा. पश्चात्ताप होऊन नव्हे, गोष्ट थांबावी म्हणून. मामांनी मात्र दोन्ही एकाच खात्यावर जमा धरलं. तिकीट फाडलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

रुमाल टाकून खिडकीतून जागा धरणाऱ्यांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. नांदेडहून उभा आलेला म्हातारा उभाच आणि अहमदपूरला शेवटी चढलेला गडी रुमालाच्या जोरावर बसलेला. "शेवटले ते पहिले झाले की मामा," असं मी एकदा म्हणालो. मामा भडकले. "हा दाखला नव्हं. ही दादागिरी हाय."

त्यांची खरी कमाई होती सुट्ट्या पैशांत. ज्यांनी जुनी एसटी पाहिली आहे त्यांना आठवेल, सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचा. उतरताना मागून घ्या. अर्धे लोक विसरायचे आणि ते पैसे कुठं जायचे यावर न बोललेलं बरं. मामांना ते लिहिलेले आकडे छळायचे. एकदा अहमदपूरला एक म्हातारी सात रुपये न घेता उतरली आणि मामा गाडी तशीच उभी ठेवून तिच्यामागं धावले. आधी उसाच्या रसवंतीपाशी, मग रिक्षांत, मग बायकांच्या संडासाबाहेर. तिथं त्यांना मार पडायचाच बाकी होता. मेंढपाळानं नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडली तेव्हा ती काय म्हणाली, हे लूकानं नोंदवलेलं नाही. मामांच्या गाडीतले पन्नासेक जण काय म्हणाले, ते मला ठाऊक आहे. मी मागच्या सीटवर होतो. ड्रायव्हर तर नावाजलेला भजनी माणूस, तोही भजनात न बसणारं बोलला. सात रुपये म्हातारीच्या मुठीत कोंबून मामा घामाघूम होऊन आले आणि गाडीत चढता चढता म्हणाले, "माझ्याबरोबर आनंद करा, हरवलेलं सापडलं!" कुणी केला नाही.

मला विचाराल, तर मामांचा हा एकच दाखला मला पुरा पटलेला आहे, आणि तो त्यांनी बोलून दाखवायला नको होता.

नांदेडला मुक्काम पडला की ते हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवायचे. एका ख्रिस्ती घरातल्या मोठ्या माणसानं तिकडं पंगतीला बसावं का, असा प्रश्न चर्चमध्ये कुणीतरी काढलाच. मामांनी पाच भाकरी आणि दोन मासे पुढं केले. म्हणाले, "प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं तवा बारा टोपल्या उरल्या. इथं उरत नाहीत, कारण पंगत संपतच नाही." प्रश्न काढणारा पुढच्या महिन्यात स्वतः जेवून आला आणि डाळीची तारीफ करत होता.

डिसेंबर हा मामांचा सुगीचा महिना. मार्गशीर्षाच्या शेवटी माळेगावची खंडोबाची जत्रा भरते, तिला लागूनच येळवस, म्हणजे वेळ अमावास्या येते आणि त्यांच्या मागंपुढं नाताळ. माळेगावला घोडे, उंट, गाढवं यांचा मोठा बाजार असतो. मामा एकदा एका गाढवापुढं डोळे मिटून उभे राहिले. व्यापाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक. त्यानं गाढवाचं तोंड उघडून दात दाखवले, पाठीवर थाप मारली, भाव सांगितला. मामा गहिवरून म्हणाले, "आमच्या प्रभूनं यरुशलेमेत जायला गाढव विकत नव्हतं घेतलं. मागून आणलं होतं." व्यापाऱ्यानं तोंड मिटलं, गाढवाचं. "उधारीचं असंल तर पुढं बघा, काका."

येळवशीला लातूर जिल्हा ओस पडतो, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पूजा, मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. मामांचा एक जुना शेतकरी दोस्त दरसाल बोलावतो. मामा कोपीत वाकून शिरतात आणि तिथला कडबा बघितला की त्यांना बेथलेहेमचा गोठा दिसायला लागतो. दोस्त अनुभवी आहे. गव्हाणीपर्यंत गोष्ट पोचायच्या आत त्यांच्या हातात आंबिलीचा तांब्या देतो. तिथीमुळं तारखा मागंपुढं होतात, म्हणून दरवर्षी एकच चौकशी करतो, "औंदा आमची येळवस आधी का तुमचा नाताळ?"

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणीच राहिलं नाही. मांजरा धरण आटलं, पाण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून 144 कलम लागलं आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मामा निवृत्त होऊन लातुरात राहायला आले होते. घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांना ते विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगायला गेले. ती भर दुपारी एकटीच का आली होती, हे विचारून ते जरा थांबले. "कलम लागलं असंल," एक बाई म्हणाली. जिवंत पाण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही, तेवढ्यात टँकर आला.

मामांना कशावर दाखला सुचणार नाही, यावर चर्चमधल्या पोरांनी पैजा लावून पाहिल्या. क्लासेसच्या फलकांवरचे टॉपरचे फोटो? जक्कय. "तो येशूला बघायला झाडावर चढला, ही लोकांनी आपल्याला बघावं म्हणून चढलीत." डास? मामा क्षणभर अडले. मग म्हणाले, "गातो गोड आणि रक्त आपलंच पितो. आपली क्वायर बघा." क्वायरनं त्या नाताळात मामांच्या घरी कॅरल म्हटलं नाही.

रेव्हरंड टिळक तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आले. मामा एसटीच्या लाल डब्यानं निघाले आहेत, एवढाच फरक, असं आमचे पाळकसाहेब म्हणतात. ते हसून म्हणतात, पण रविवारी मामा हात वर करायच्या आत शेवटचं गीत सुरू करतात. 2020 मध्ये फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मामा हट्टानं गेले आणि 'सुबोध बायबल' घेऊन आले. रात्री जागून वाचलं. अभिप्राय विचारला तर म्हणाले, "सगळं हाय. अहमदपूर नाही."

एका गोष्टीला मात्र मामा हात लावत नाहीत. ती खडकावर बांधलेल्या घराची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. जाड दगडामातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. मामांची गाडी माणसं न्यायला-आणायला लावली होती. तिथं त्यांनी काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही. पुढच्या एका रविवारी कुणी वडीलधारे गृहस्थ उठले आणि खडकावरचं घर, वाळूवरचं घर असं करत करत, हा देवाचा कोप आहे, इथवर आले. मामा उभे राहिले. लूकाचा तेरावा अध्याय काढला. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला, ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, असं खुद्द येशूच सांगतो. तेवढं वाचलं आणि बसले. स्पष्टीकरण नाही, एसटी नाही. मामा दोन मिनिटांत खाली बसले याचीच चर्चमध्ये कितीतरी दिवस चर्चा होती.

घरात त्यांची डाळ शिजत नाही. मामी भाकरी थापत होती आणि मामा तिला मार्था-मरीया सांगत होते, म्हणजे मार्था कामात गुंतलेली आणि मरीया प्रभूच्या पायाशी बसलेली. मामीनं तवा उतरवला. "मग मरीयेला बोलवा. पीठ संपलंय. जवारी घेऊन गिरणीवर जा आधी."

मामा डबा घेऊन गेले. गिरणीवर दोन बायका नंबर लावून बसलेल्या. आता ही जागाच अशी. मामांनी गंभीर आवाजात सांगितलं, की शेवटच्या दिवशी दोघी जणी दळत असतील, त्यातली एक घेतली जाईल आणि दुसरी ठेवली जाईल.

पुढच्या बाईनं आपला डबा जवळ ओढला. "नंबर माझा हाय. आधी मलाच घेतील."