ग्राफिक्स कार्ड निवडण्याचा शास्त्रोक्त विधी

लग्नाची शूटिंगे घेणाऱ्या माणसाने एडिटिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचे ठरवले, की सर्वप्रथम बजेट जाहीर करावे. हे बजेट घरात एक, दुकानात दुसरे आणि मनात तिसरे असावे. तिन्हींचा मेळ बसत नसल्यास पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. तज्ज्ञ समितीची नेमणूक

समितीत गेम खेळणारा आतेभाऊ, यूट्यूबवर ओरडून बोलणारा एखादा तरुण आणि स्वतःचा कॉम्प्युटर नसलेला एक मित्र असावा. तिघेही प्रत्येक कार्ड सेकंदाला किती फ्रेम देते, तेवढेच सांगतील. आपले शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचे असते आणि नवरी हार घालताना त्याहून वेगात हात हलवत नाही, ही शंका समितीपुढे मांडू नये. सभासद दुखावतात.

२. आकड्यांचे वाचन

मोठा आकडा म्हणजे मोठे कार्ड, हा मूलभूत सिद्धांत. त्याला अपवाद एकच: बाजार. २०२१ साली आलेल्या आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी मेमरी होती. २०२३ च्या ४०६० वर ८ जीबी. नाव हजाराने वाढले, मेमरी चार जीबीने घटली. नवे कार्ड वीज कमी खाते, १७० च्या जागी ११५ वॅट, आणि एव्ही१ मध्ये व्हिडिओही काढून देते. त्याचे हे गुण खोटे नाहीत. पण ४के फुटेजवर नॉइज रिडक्शनचे थर चढवले आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरने ‘जीपीयू मेमरी भरली’ असे कळवले, की तिथे नावातला आकडा दाखवून भागत नाही.

‘तात्पुरते हे लावा’ म्हणून जीटी १०३० पुढे केले जाईल. या एकाच नावाने वेगवान आणि संथ अशा दोन मेमरींची कार्डे विकली गेली आणि तयार व्हिडिओ एन्कोड करायची सोय दोन्हींत नाही. तात्पुरते हा शब्द मात्र अगदी बरोबर आहे.

३. कामाचा विचार (ऐच्छिक)

ही पायरी बहुतेक जण वगळतात, म्हणून थोडक्यात. नुसते कापणे-जोडणे हे मुख्यतः प्रोसेसरचे काम. रंग सुधारणे, नॉइज काढणे, इफेक्ट चढवणे हे कार्डाचे. त्यातही रिझॉल्व्ह कार्डावर जितका भार टाकतो तितका प्रीमियर सहसा टाकत नाही. तेव्हा आधी सॉफ्टवेअर ठरवावे, मग कॅमेरा पाहावा आणि कार्ड सर्वांत शेवटी निवडावे. एवढे केले तर समितीची गरज उरत नाही, हा या पायरीचा मोठा दोष.

कॅमेरा का पाहावा, तेही ऐका. आजचे चांगले कॅमेरे १० बिट ४:२:२ चे फुटेज देतात. एनव्हिडियाच्या कार्डांना हा प्रकार थेट उलगडता येऊ लागला तो २०२५ च्या ५० मालिकेपासून. त्याआधीचे ४०९० घेतले, तर २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटची भूक असलेले ते कार्ड या कामापुरते बघत बसते. तेच फुटेज एचईव्हीसीमधले असेल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप ते निमूटपणे उलगडते. ही चिप प्रोसेसरबरोबर आपोआप मिळते, म्हणूनच तिला कोणी किंमत देत नाही. पैसे वाचवायला नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर घ्यावा. त्यात नेमकी तीच चिप नसते.

४. जागा आणि वीज

कार्ड कॅबिनेटमध्ये मावते का, हे कार्ड घरी आणल्यावर मोजावे. एनव्हिडियाने स्वतः बनवलेले ४०९० हे ३०४ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढे. एसएमपीएस आत लपलेला असल्याने त्यावर खर्च करू नये. उरलेल्या पैशांत रंगीत दिव्यांचे पंखे घ्यावेत. कार्डाला वीज पुरवणारी पिन अर्धवट बसवावी. २०२२ मध्ये काही ४०९० कार्डांची जोडपिन वितळली, तेव्हा ती पूर्ण न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण निघाले. ज्यांना असा अनुभव नको असेल त्यांनी पिन शेवटपर्यंत दाबावी.

५. बाजार

मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असेल. घाबरू नये, रस्ता तोच आहे. दुकानदार विचारेल, “बिल पाहिजे काय?” प्रश्न साधा वाटला तरी त्यात १८ टक्के जीएसटी दडलेला आहे. नको म्हटल्यास पैसे वाचतात. वॉरंटी मागायला गेल्यावर हाच प्रश्न पुन्हा विचारला जातो. फक्त या वेळी समोरच्याला बिल पाहिजे असते.

जुने कार्ड घ्यायचे असल्यास विक्रेत्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, कार्डांवर ते कमावणे बंद झाले आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डे विक्रीला आली. त्यांतले प्रत्येक कार्ड ‘घरगुती वापराचे’ होते.

६. जोडणी

सर्व झाल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डाला लावावी. प्रोसेसर ‘एफ’ असेल तर पडदा काळा राहतो आणि दोष लगेच कळतो. नसेल तर चित्र छान दिसते आणि पडदा कार्डाविनाच चालला आहे, हे महिनोन्महिने कोणाला कळत नाही. बघणाऱ्यांनी ‘कार्ड भारी आहे हां’ असे म्हटल्यास आभार मानावेत.

शेवटी एक खरी सूचना. मधल्या किमतीचे, १२ किंवा १६ जीबीचे कार्ड बिलासकट घ्या आणि वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी आणखी एक हार्ड डिस्क आणा. कार्ड जळले तर दुसरे मिळते. शूटिंग गेले तर तेच लग्न पुन्हा लावायला कोणी तयार होत नाही.