फी माफ, बाकी ‘इतर’

आमचे दाजी ट्रॅक्टर बघायला गेले की आधी शोरूमचा चहा पितात, मग टायरला लाथ घालून बघतात आणि भावाचं शेवटी काढतात. लेकीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला मात्र त्यांनी सुरुवातच भावापासून केली. ‘‘सगळ्यात स्वस्त कुठंय?’’ मी पेपरात लिहितो म्हणजे मला सगळं कळतं, असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे. त्यामुळे मलाही गाडीत घेतलं.

एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. दाजींना दोनचा आकडा आवडला. एजंटने त्याहून स्वस्त माल दाखवला: नॉन-अटेंडिंग. मुलगी घरीच राहणार, परीक्षेपुरती यायची. दाजी विरघळायला लागले तेवढ्यात भाची म्हणाली, ‘‘पप्पा, मग सलाईनपण घरूनच लावू का?’’

खरं तर ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकारने २०२४ पासून माफ केलीय. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतूनच, म्हणजे कॅप राऊंडमधूनच हवा. म्हणून तर एजंट कळवळून सांगत होता, ‘‘सीईटी, कॅप राऊंड, कशाला ती दगदग? डायरेक्ट करून देतो.’’ डायरेक्ट म्हणजे आपल्या खिशातून डायरेक्ट, हे समजायला मला दुसरा चहा लागला.

भाचीने फेरीतूनच अर्ज भरायचं ठरवलं. तिच्या यादीत पहिलं नाव सरकारी कॉलेजचं. तिथं जागा मोजक्या, पण वॉर्ड इतका भरलेला की दोन पेशंट खाटांच्या मधे गादी टाकून. दाजींनी नाक मुरडलं. दुसरं कॉलेज खासगी. चकाचक. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली फी भिंतीवर लावलेली, आणि क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये दुसरा कागद, ‘इतर’ नावाचा. हॉस्टेल, मेस, बस, दोन युनिफॉर्म, बूट तिथूनच, डिपॉझिट आणि शपथविधीच्या दिव्याचे वेगळे. क्रिमियाच्या युद्धात नाइटिंगेलबाई रात्री दिवा घेऊन वॉर्डात फिरायच्या, तेव्हा त्यांनी कुठे पावती फाडल्याचं ऐकिवात नाही.

‘‘नोकरीचं?’’ दाजींनी विचारलं.

‘‘जर्मनी!’’ क्लार्क म्हणाला.

‘‘आणि आमच्या तालुक्याला?’’

क्लार्क पंख्याकडे बघायला लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० तरी मिळावेत. ती आमच्या तालुक्यापर्यंत काही आली नाही. एसटी चुकली असणार.

‘‘हॉस्पिटल दाखवता?’’ भाचीने विचारलं. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल लागतं, हे तिने कुठूनसं वाचून ठेवलं होतं. हॉस्पिटल होतं. खाटा होत्या. चादरींना इस्त्री होती, घडी मोडलेली एकही दिसेना. भाची मान हलवत मोजत गेली. शंभर खाटा, चार पेशंट, आणि त्यातले एक आजोबा म्हणजे वॉचमन, दुपारची झोप काढत होते.

‘‘बाकीचे पेशंट?’’

‘‘इन्स्पेक्शनच्या दिवशी या ना,’’ क्लार्क म्हणाला. ‘‘पाय ठेवायला जागा नसते.’’

इतका वेळ गप्प असलेले दाजी एका खाटेपाशी वाकले. पायाकडे डोकं वर-खाली करायचा दांडा असतो, तो त्यांनी फिरवून बघितला. फिरला नाही. जोर लावला तसा गंजाच्या भुग्यासकट हातात आला.

क्लार्कने खिशातलं पेन काढलं. ‘‘काळजी करू नका,’’ तो म्हणाला. ‘‘डिपॉझिटमधून वळता करू.’’