डुप्लिकेट होम्स

अस्सल आणि नक्कल यांतला फरक ओळखण्याचं शिक्षण बदलापूरकराला फुकट मिळतं. मधलं एक अंबरनाथ सोडलं की उल्हासनगर! फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पाला १९४९ साली हे नाव मिळालं. पुढे तिथल्या नकली मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सगळ्या लाइनवर पसरला. (विनोद आम्हीच करतो आणि जीन्सही तिथूनच घेतो.) तेव्हा शेरलॉक होम्सला नव्याने उठवणाऱ्या कादंबऱ्यांवर बोलायचा अधिकार लंडनखालोखाल आमचाच.

मूळ माल आर्थर कॉनन डॉईलचा. तो १८८७ साली बाजारात आला. १८९३ साली डॉईलने कंटाळून त्याला धबधब्यात ढकललं आणि दहा वर्षांनी लोकाग्रहास्तव परत वर काढलं. म्हणजे मेलेला होम्स उठवायचा पहिला कारखाना खुद्द मालकाचा. १९३० साली मालक गेले. मग काय, गल्लोगल्ली शिलाई मशिनं सुरू झाली.

आमच्याकडचा दुकानदार शर्ट पुढे सरकवून हळूच म्हणतो, “कंपनी का ही माल है साहब, एक्स्पोर्ट सरप्लस.” होम्सवाल्यांचा एक्स्पोर्ट सरप्लस म्हणजे डॉक्टर वॉटसनचं ‘नुकतंच सापडलेलं’ हस्तलिखित. न छापलेल्या प्रकरणांनी भरलेला वॉटसनचा पत्र्याचा डबा बँकेत ठेवलाय, असं डॉईल एका कथेत लिहून गेला. तेवढं पुरलं. त्या डब्यातून इतकी बाडं निघाली आहेत की तो डबा नसून गोडाऊन असावं. १९७४ साली निकोलस मेयरच्या वॉटसनने होम्सचं कोकेन सोडवायला त्याला थेट व्हिएन्नाला, फ्रॉइडकडे नेलं. अँथनी हॉरोविट्झच्या ‘द हाऊस ऑफ सिल्क’मध्ये (२०११) म्हातारा वॉटसन बाड कुलपात टाकतो आणि शंभर वर्षं उघडू नका म्हणून बजावतो. या कादंबरीला डॉईलच्या वारसांची मान्यता होती, म्हणजे हा शोरूमचा माल.

लेबल बघून मात्र काही कळत नाही. ती दोन्हीकडून चोच असलेली टोपी चित्रकार सिडनी पॅजेटने चढवली, वाकडा पाईप रंगभूमीवरून आला आणि ते सुप्रसिद्ध ‘एलिमेंटरी’वालं वाक्य सबंध असं डॉईलच्या एकाही कथेत नाही. अस्सल मालावरचं लेबलच डुप्लिकेट!

म्हणून मी कापड उलटं करून शिवण बघतो. शिवण म्हणजे वॉटसन. बुटावरच्या चिखलावरून गाव ओळखणारा होम्स कुणीही बेततो. (पावसाळ्यात बुटावरून बदलापूर तर तिकीट तपासनीसही ओळखेल.) पण शेजारी बसून दर वेळी तितक्याच मनापासून थक्क होणारा मित्र शिवायला कठीण. हॉरोविट्झला तो जमलाय. मिच कलिनने २००५ साली त्र्याण्णव वर्षांचा, स्मरणशक्ती निसटत चाललेला होम्स रंगवला. त्यात वॉटसन हयातच नाही आणि पानोपानी तेच जाणवतं. माझ्या लेखी हा सगळ्यांत टिकाऊ.

वारसांचं धोरण थोर. एनोला होम्सच्या, म्हणजे होम्सच्या धाकट्या बहिणीच्या, चित्रपटावरून २०२० साली त्यांनी दावा ठोकला. होम्सची बुद्धी आता अमेरिकेत सगळ्यांना मोकळी, पण त्याच्यातला मायाळूपणा शेवटच्या कथांत आला, तेव्हा त्यावर हक्क अजून आमचा, असं त्यांचं म्हणणं होतं. कोरडा होम्स फुकट न्या, प्रेमळ हवा असेल तर पैसे टाका! दावा त्याच वर्षी मिटला.

नेव्ह मार्चच्या ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’त (२०२०) तर होम्स स्वतः नाहीच, त्याचा भक्त आहे. १८९२ साली कॅप्टन जिम अग्निहोत्री पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडल्यापडल्या होम्सकथांची पारायणं करतो आणि राजाबाई टॉवरवरून पडून मेलेल्या दोन पारशी स्त्रियांचं गूढ उकलायला निघतो. त्या मृत्यूंची मूळ घटना खरी, १८९१ची. आता पुण्याहून मुंबईला आगगाडीने यायचं म्हणजे घाट उतरून कर्जत, बदलापूर, अंबरनाथ करतच. खून कुणी केला ते कादंबरीत कळेलच. मला वेगळीच चौकशी करायची आहे. पुण्याहून ऐसपैस बसून आलेला हा कॅप्टन बदलापूरच्या उभ्या माणसाला बघून तिघांच्या बाकावर चौथ्या सीटपुरता सरकला का? गडी होम्सच्या वळणाचा की वॉटसनच्या, ते तेवढ्यावरून सांगतो.