मुक्काम पोस्ट दादर

आमच्या घरात कागद हरवण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. विजेच्या बिलापासून आमच्याच लग्नाच्या पत्रिकेपर्यंत जे जे म्हणून मी ‘नीट जपून’ ठेवलं, ते पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडलेलं नाही. असं असूनही 2018च्या दिवाळीनंतर एका रात्री मी अंथरुणात ताडकन उठून बसलो आणि हिला हलवून म्हणालो, "अगं, मी मेल्यावर या घराचं काय?"

"आधी गॅस बंद केलाय का ते बघा," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

हे खूळ डोक्यात भरवलं आमच्या साडूभाऊंनी. ते राहतात दादरला. त्यांच्या वडिलांनी चांगलं रीतसर मृत्युपत्र करून फ्लॅट यांच्या नावे ठेवला होता, तरी सोसायटीने सांगितलं, प्रोबेट आणा. प्रोबेट म्हणजे हेच मृत्युपत्र खरं आणि हेच शेवटचं, असा कोर्टाने दिलेला दाखला. मुंबईत तो तेव्हा सक्तीचा होता. मग हायकोर्टात अर्ज, सगळ्या वारसांना नोटिसा, अमेरिकेतल्या भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, साक्षीदाराची शोधाशोध, वर कोर्ट फी. ती जास्तीत जास्त 75 हजार असते हे साडूभाऊ अशा सुरात सांगत, की जणू त्यांनी घासाघीस करून ती तिथवर खाली आणली. दीड वर्ष गेलं. भाऊबीजेच्या फराळावर हे सगळं ऐकताना माझा चिवडा घशातच अडकला. आमचं कोथरूडचं दोन खोल्यांचं घर मला कोर्टाच्या पायरीवर बसलेलं दिसू लागलं.

पहिला उपाय मी स्वतःच शोधला. सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत भरला, सेक्रेटरींना नेऊन दिला, आणि मोहीम फत्ते म्हणून घरी येताना अर्धा किलो जिलेबी आणली. जिलेबी संपल्यावर कळलं, की नॉमिनी हा मालक नसतो, राखणदार असतो. सोसायटीने कुणाशी बोलायचं एवढंच त्याने ठरतं.

दुसरा उपाय बक्षीसपत्राचा. राहतं घर मुलांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक फक्त 200 रुपयांचा, असं मला भाजीच्या रांगेत समजलं होतं. दोनशेत घर! एवढ्यात तर धड नाटकाचं तिकीटही येत नाही. मी उत्साहाने लेकीला फोन लावायला गेलो, तर हिने तो हातातून काढून घेतला. बक्षीसपत्र केलं की घर त्याच दिवशी जातं, आपण मेल्यावर नाही, एवढा कायदा तिला ठाऊक होता. "मी ‘नटसम्राट’ तीनदा पाहिलंय," ती म्हणाली. आमची लेक तशी नाही. पण अप्पासाहेब बेलवलकरांनाही आधी तसंच वाटलं होतं.

उरलं मृत्युपत्र. आता यातला तज्ज्ञ कोण? ज्याने दीड वर्ष सोसलं तो. म्हणून मी शंभराचा स्टॅम्प पेपर घेतला (मृत्युपत्राला तो लागत नाही, साधा कागदही चालतो, हे नंतर कळलं), डेक्कन क्वीनमध्ये कटलेट खाल्लं, दादरला उतरलो आणि साडूभाऊंच्या जेवणाच्या टेबलावर, आमटीची वाटी बाजूला सारून, माझं संपूर्ण घर ‘राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता’ बायकोला लिहून दिलं. साक्षीदार म्हणून साडूभाऊंनी सही केली, जे माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे आहेत, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी केली, जे पुढच्याच महिन्यात कायमचे कॅनडाला गेले. शेवटी मी झोकात लिहिलं, ‘मुक्काम पोस्ट दादर, मुंबई.’

पुण्याला परत आल्यावर, सहज एकदा नजरेखालून घाला म्हणून, तो कागद आमच्या ओळखीच्या वकिलांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला.

"घर कुठं आहे?"

"कोथरूडला."

"पुण्याच्या घराच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाही. कधीच नव्हती."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मृत्युपत्र कुठं केलंत?"

आणि मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ही सक्ती दोन वाटांनी येते: एक तर घर मुंबईत असावं, नाहीतर मृत्युपत्र तरी मुंबईत केलेलं असावं. म्हणजे ज्या प्रोबेटला माझ्या घराचा पत्ताही माहीत नव्हता, त्याला मी तिकीट काढून आणायला गेलो होतो. जाऊन-येऊन. सीनियर सिटिझनच्या सवलतीत.

"शाबास," वकील म्हणाले. "आता इंडेक्स टू आणा."

तो, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, शोधायला तीन आठवडे लागले. आकाशकंदिलाच्या खोक्यात होता. त्यावर दोन नावं होती, आणि पहिलं हिचं. ही बँकेत असल्यामुळे कर्ज तिला कमी व्याजाने मिळालं होतं, म्हणून घर दोघांच्या नावे घेतलं होतं, हे मी वीस वर्षांत साफ विसरलो होतो. अर्धं घर तिचंच.

"म्हणजे माझंच घर मला देताय?" तिने मृत्युपत्र पहिल्यांदाच वाचलं. "आणि तेही राजीखुशीने?"

नवं मृत्युपत्र कोथरूडला, साध्या कागदावर, माझ्या निम्म्या हिश्शापुरतं झालं. साक्षीदार म्हणून दोन तरुण शेजारी पकडले. मी शुद्धीवर आणि शहाणा आहे असा दाखला वकिलांनी डॉक्टरांकडून घ्यायला सांगितला, तेव्हा ही म्हणाली, "त्या बिचाऱ्यांना खोटं लिहायला लावू नका." आधीचं मृत्युपत्र रद्द केल्याचं नव्यात लिहिलं, तरी जुनं फाडून टाका असं वकिलांनी बजावलं होतं. फाडायला घेतलं तर ते सापडेना. मी ते नीट जपून ठेवलं होतं.

पुढे 2025च्या डिसेंबरात संसदेने प्रोबेटच्या सक्तीचं ते 213वं कलमच काढून टाकलं. बातमी वाचून मी बराच वेळ पेपर धरून बसलो. जन्मभर मी प्रत्येक काम पुढे ढकललं, आणि जे एक वेळेवर केलं ते सात वर्षं ढकलायला हवं होतं.

"तुझ्या अर्ध्याचं काय गं?" त्या दिवशी मी हिला विचारलं.

ती उठली, गोदरेजच्या कपाटातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. मृत्युपत्र. 2009 सालचं, मुक्काम कोथरूड, दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला, सगळं एका पानात. तिचा हिस्सा लेकीला, आणि मला हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क. डोळे भरून आले. मग शेवटची ओळ वाचली.

‘कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली मात्र यजमानांकडे देऊ नये.’